दोन ध्रुव, एकच जात: वाट गेली कुठून?

आजचा भाग तंजावूरच्या राजवाड्यातून. हा राजवाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना सरस्वती महाल ग्रंथालय आठवेल, दरबार आठवेल, चोळांच्या काळातल्या कांस्यमूर्ती आठवतील. पण शाळेच्या सहलीत आलेल्या पोरांना घरी गेल्यावर विचारा, काय पाहिलंत? बहुतेक पोरं एकच उत्तर देतील: देवमासा!

राजवाड्याच्या उंच मनोऱ्यात एका देवमाशाचा सांगाडा मांडून ठेवलाय. हा मासा १९५५ साली इथून जवळच्या तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागला होता. लांबी ९२ फूट. आता मासा म्हणतो खरं, पण देवमासा हा मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इतकी लांबी गाठणारा देवमासा म्हणजे निळा देवमासा, आणि लांबीत त्याच्या जवळपास जाणारा फिन देवमासा. गंमत अशी, की या दोन्ही जाती उत्तरेच्या थंड समुद्रातही आहेत आणि दक्षिणेत अंटार्क्टिकाच्या बर्फाळ समुद्रातही आहेत.

आणि इथेच आजचा प्रश्न सुरू होतो. पृथ्वीची दोन टोकं. एकीकडे उत्तर ध्रुव, दुसरीकडे दक्षिण ध्रुव. मधे वीस हजार किलोमीटरचं अंतर, आणि त्या अंतरात आपल्या तंजावूरसारखे प्रदेश, जिथे मे महिन्यात दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. मग थंडीतच जगू शकणारी एकच जात दोन्ही टोकांना पोचली कशी?

आधी प्रश्न नीट मांडू

‘ध्रुवावर’ म्हणताना अगदी ९० अंशाच्या बिंदूवर, असं मला म्हणायचं नाही. उत्तर ध्रुव तर समुद्रात आहे, तरंगत्या बर्फाखाली. दोन्हीकडचे थंड पट्टे असा अर्थ घ्या. उत्तरेला सायबेरिया, अलास्का, ग्रीनलंड, स्कँडिनेव्हिया. दक्षिणेला अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिकेचं शेपूट, म्हणजे तिएरा देल फुएगो.

या दोन पट्ट्यांत सारख्या असणाऱ्या जातींची यादी लहान नाही. २००९ साली सागरी जीवांच्या जागतिक गणनेतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की किमान २३५ जाती आर्क्टिक आणि अंटार्क्टिक अशा दोन्ही समुद्रांत सापडतात. जमिनीवर पाहिलं तर सुमारे ३० फुलझाडं अशी आहेत, जी उत्तरेच्या थंड प्रदेशात वाढतात आणि दक्षिणेच्या थंड प्रदेशातही वाढतात. शेवाळं आणि दगडफुलं धरली तर यादी आणखी लांबते.

अंटार्क्टिक टर्न असं काही मनात आलं असेल तर एक खुलासा. उत्तर ध्रुवाकडे घरटं करणारा ‘आर्क्टिक टर्न’ नावाचा पक्षी दर वर्षी अंटार्क्टिकापर्यंत जातो आणि परत येतो. वर्षाला सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. पण तो अंडी फक्त उत्तरेतच घालतो. म्हणजे त्याचं घर एकच, दुसरीकडे तो पाहुणा. आपला प्रश्न पाहुण्यांचा नाही. दोन्हीकडे संसार थाटलेल्यांचा आहे.

उत्तरं तीनच असू शकतात. पहिलं, जात दोन्हीकडे वेगवेगळी निर्माण झाली. दुसरं, ती एकीकडे जन्मली आणि कुठल्या तरी वाटेनं दुसरीकडे गेली. तिसरं, ती एक जात नाहीच, आपल्याला तसं वाटतंय.

पहिलं उत्तर जुन्या काळी गांभीर्यानं दिलं जायचं. एकमेकांपासून दूर असलेल्या डोंगरमाथ्यांवर तीच झाडं पाहून ग्मेलिन नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं १७४७ मध्ये म्हटलं होतं, की एकच जात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली असली पाहिजे. आज हे उत्तर आपण बाजूला ठेवतो. कारण साधं आहे. सारख्या हवामानात सारखं रूप येऊ शकतं, जसं मासा आणि देवमासा दोघांनाही पोहण्याजोगा आकार आला. पण आतली सगळी जडणघडण, हजारो जनुकं अक्षरशः तीच, असं दोनदा घडत नाही. तेव्हा जात खरोखर एक असेल, तर ती कधी तरी एकत्र होती आणि मधे एखादी वाट होती. ती वाट शोधायची.

डार्विन आणि आपले डोंगर

वाट शोधणाऱ्यांत मोठं नाव चार्ल्स डार्विनचं. त्याचा मित्र जोसेफ हूकर १८३९ ते १८४३ या काळात जेम्स रॉसच्या मोहिमेबरोबर दक्षिणेच्या समुद्रात फिरला होता. हूकरनं जमवलेल्या झाडांवरून दिसत होतं, की तिएरा देल फुएगोतली चाळीस-पन्नास फुलझाडं युरोपातही आहेत. डार्विननं १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात यावर बरीच पानं खर्च केली. आणि आपल्यासाठी विशेष असं, की त्या विवेचनात हिमालय आहे, भारतीय द्वीपकल्पातले सुटे डोंगर आहेत, सिलोनची उंच ठिकाणं आहेत. या सगळ्या ठिकाणी तीच किंवा एकमेकांच्या भाऊबंद शोभतील अशी झाडं आहेत, पण मधल्या उष्ण सपाटीवर ती नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

त्याचा तर्क असा. हिमयुगात सगळी पृथ्वी थंड झाली. थंडीतली झाडं डोंगरावरून खाली सपाटीवर उतरली, विषुववृत्ताकडे सरकली, काही ओलांडून पलीकडेही गेली. मग हवा पुन्हा तापली. सपाटीवरची थंडीवाली झाडं मेली. जी जवळच्या डोंगरावर चढली ती वाचली. पूर ओसरल्यावर जसं उंचवट्यांवर गाळ राहतो, तशी ती माथ्यांवर राहून गेली.

हा तर्क आपण तंजावूरवर ताडून पाहू. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर आहोत. कोडाईकनाल साधारण २,१०० मीटरवर. दर हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे कोडाई आपल्यापेक्षा सुमारे १३ अंशांनी थंड. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, उष्ण कटिबंधातली जमीन आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड होती. हिशेब करा. कोडाईची थंडी तेव्हा हजार-बाराशे मीटरपर्यंत उतरली असेल. तंजावूरच्या भातशेतीपर्यंत ती कधीच पोचली नाही. म्हणजे डार्विननं कल्पिलेली सपाटीवरून पायी चालत गेलेली मिरवणूक काही जमत नाही.

पण वाटेत पायऱ्या असतील तर? महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. सातपुड्याचं सर्वांत उंच टोक धूपगड, सुमारे १,३५० मीटर. हिमयुगात या माथ्यांवरची हवा अंदाजे आजच्या उटी-कोडाईसारखी गार झाली असेल. डोंगर उंच झाले नाहीत, थंडी खाली आली. पायऱ्यांमधलं अंतर कमी झालं. १९४० च्या दशकात आपल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी याच धर्तीवर ‘सातपुडा गृहीतक’ मांडलं. डोंगरी ओढ्यांतले काही मासे ईशान्य भारतात आहेत आणि सह्याद्रीत आहेत, मधे नाहीत. होरांचं म्हणणं, ते विंध्य-सातपुड्याच्या रांगेनं इकडे आले. त्यांच्या गृहीतकावर पुढे खूप वाद झाला आणि सगळ्या जातींना ते लागू पडत नाही, हे आता स्पष्ट आहे. पण प्रश्न त्यांनी अचूक पकडला होता.

निलगिरीत गेलात तर शोलांच्या कडेला लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन पाहा. हिमालयात ज्याला बुरांश म्हणतात, त्याच जातीची ही दक्षिणेकडची उपजात. मधे दीड-दोन हजार किलोमीटर हे झाड नाही. म्हणजे दोन ध्रुवांचा प्रश्न आपल्या दारातही आहे, लहान प्रमाणात.

मोठ्या प्रमाणात पायऱ्यांचा खरा नमुना पाहायचा तर अमेरिकेत जावं लागेल. तिथे रॉकी आणि अँडीज या रांगा उत्तर-दक्षिण पसरल्यात, जणू पृथ्वीला टेकवलेली शिडी. अंटार्क्टिकात मूळची फुलझाडं फक्त दोन. त्यांतलं एक उशीसारखं गच्च वाढणारं, कोलोबँथस क्विटेन्सिस. नावातलं ‘क्विटेन्सिस’ आलंय इक्वेडोरच्या क्विटो शहरावरून. क्विटो विषुववृत्तावर आहे! हे झाड अँडीजच्या माथ्यांवरून मेक्सिकोपर्यंत पसरलंय. विषुववृत्त त्याला अडवू शकलं नाही, कारण ते विषुववृत्त उंचावरून ओलांडतं.

समुद्राखालची थंड वाट

जमिनीवर उंच चढून जे साधतं, ते समुद्रात खोल उतरून साधतं. नागपट्टणमचा किनारा इथून दोनेक तासांवर. तिथलं पाणी कोमट. पण त्याच बंगालच्या उपसागरात दोन-तीन हजार मीटर खाली गेलात तर तापमान दोन-तीन अंश! वर नारळाची झाडं आणि खाली फ्रीज. हे गार पाणी येतं कुठून? अंटार्क्टिकाभोवती गोठण्याइतकं थंड झालेलं जड, खारं पाणी तळाला बसतं आणि तळातळानं उत्तरेकडे सरकत राहतं. त्याचा प्रवास शेकडो वर्षांचा असतो.

म्हणजे समुद्राच्या तळाशी एक थंड भुयारी मार्ग दोन्ही ध्रुवांना जोडतो. ध्रुवाजवळ जो प्राणी उथळ पाण्यात राहतो, तो विषुववृत्ताजवळ खोल पाण्यात राहू शकतो. मात्र अट आहे. अंधार, प्रचंड दाब आणि तुटपुंजं अन्न सोसणाऱ्यालाच हा मार्ग खुला. ज्याला सूर्यप्रकाश लागतो त्या वनस्पतीला नाही.

पाण्यात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म कवचधारी जीवांवर २००० साली एक महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध झालं. तीन जातींची जनुकीय तपासणी केली तेव्हा आर्क्टिककडच्या आणि अंटार्क्टिककडच्या समुद्रांत तंतोतंत सारखे नमुने सापडले. म्हणजे फार जुन्या काळी नव्हे, भूगर्भशास्त्राच्या मानानं अलीकडेपर्यंत या जिवांची उष्ण पट्ट्यातून ये-जा होत होती.

पंखांवर आलेले प्रवासी

तिसरी वाट हवेतली. तंजावूरच्या खालच्या अंगाला, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या टोकाशी कोडियक्करै आहे, इंग्रजांचं पॉइंट कॅलिमियर. तिथल्या खाजणात हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांतला कर्ल्यू सँडपायपर हा बाकदार चोचीचा छोटा पक्षी अंडी घालतो सायबेरियाच्या ध्रुवीय टुंड्रात. त्याचेच काही जातभाई पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत जातात. ध्रुवावरचा चिखल कुणाच्या पायाला लागून तंजावूर जिल्ह्याच्या शेजारी येत असेल, तर तो आणखी पुढे का जाणार नाही?

असं खरंच होतं का, हे तपासायला शास्त्रज्ञांनी अलास्का आणि कॅनडाकडे घरटी करून दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांची पिसं पाहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पिसांमधे शेवाळांचे बारीक तुकडे सापडले. शेवाळाचा एक तुकडाही नवीन झाड उभं करू शकतो. एम्पेट्रम नावाच्या बोरीएवढ्या फळांच्या झुडपाची गोष्ट आणखी बोलकी आहे. उत्तरेत त्याची फळं काळी, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला लाल. जनुकांवरून असं दिसलं, की काही लाख वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडून हे झुडूप एकदाच दक्षिणेला पोचलं, बहुधा पक्ष्याच्या पोटातून. दक्षिणेची सगळी लाल झुडपं त्या एका प्रवासाची संतती.

लक्षात घ्या, इथे दरवर्षी यशस्वी होण्याची गरज नाही. दहा लाख वर्षांत एक बी पोचलं, रुजलं, फळलं, की काम झालं.

खरंच एकच जात का? पोथ्यांचा हिशेब

आता तिसऱ्या उत्तराकडे वळू. या राजवाड्यात १७९८ ते १८३२ या काळात सरफोजी राजे दुसरे यांची कारकीर्द झाली. सरस्वती महालाची भरभराट केली ती त्यांनी. त्यांनी पशुपक्ष्यांची, वनस्पतींची चित्रंही काढून घेतली होती. त्या काळी जात ओळखायची ती अशीच, डोळ्यांनी. चोच कशी, पिसं कशी, पाकळ्या किती. पण डोळा फसू शकतो.

आज आपण जनुकं वाचतो. ते कसं, हे समजायला ग्रंथालयाइतकी चांगली जागा नाही. समजा एका पोथीच्या दोन नकला झाल्या, एक काशीला, एक तंजावूरला. पुढे प्रत्येकीच्या नकलांच्या नकला. प्रत्येक नकलनवीस एखाददुसरं अक्षर चुकतो आणि ती चूक पुढच्या नकलेत उतरते. दोनशे वर्षांनी दोन्ही पोथ्या शेजारी ठेवल्या आणि फरक मोजले, की त्या किती काळापूर्वी वेगळ्या झाल्या याचा अंदाज येतो. मधे कुणी काशीची पोथी पाहून तंजावूरची दुरुस्त केली असेल, तर फरक कमी भरतील. जनुकांचं तसंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या नकला, नकलांत चुका. आणि मधे दोन्हीकडच्यांचा संकर होत राहिला तर फरक साचत नाही.

हा हिशेब लावल्यावर २३५ च्या यादीतली काही नावं डळमळली. समुद्रात पंखासारखे पाय हलवत पोहणारी एक इवलीशी गोगलगाय आहे, लिमासिना. दोन्ही ध्रुवांवर दिसायला एकच. २०१० साली जनुकं तपासली तर उत्तर-दक्षिणेत एवढा मोठा फरक, की त्या कोट्यवधी वर्षांपासून वेगळ्या असाव्यात. आता अंटार्क्टिककडचीला स्वतंत्र जात मानतात.

आपल्याकडचं उदाहरण निलगिरी ताहरचं. तमिळनाडूचा राज्यप्राणी, तमिळमधे वरैयाडू. हिमालयी ताहर आणि हा एकाच प्रजातीगटातले भाऊ, असं कितीतरी वर्षं धरलं होतं. २००५ साली जनुकं पाहिली आणि उलगडलं, की निलगिरी ताहर हिमालयी ताहरपेक्षा मेंढीच्या जवळचा आहे. त्याला निराळं घराणं द्यावं लागलं. शोलांतल्या काही गाणाऱ्या पक्ष्यांचंही २०१७ साली असंच झालं. हिमालयातल्या पक्ष्यांचे नातेवाईक समजून ज्यांना त्यांच्याच नावाखाली घातलं होतं, ते इथल्याच माथ्यांवर फार पूर्वीपासून वेगळे वाढलेले निघाले.

म्हणजे ‘एकच जात’ हा कायमचा शिक्का नाही. वाट चालू असेपर्यंतची ती स्थिती आहे.

देवमाशांचं उलटं पंचांग

सांगाडा ज्याच्या कुळातला, त्या देवमाशांकडे येऊ. देवमासे कुठेही पोहून जाऊ शकतात. मग त्यांना वाट बंद कशी होईल? होते, पंचांगामुळे. हंपबॅक देवमासा उन्हाळ्यात ध्रुवाकडे जाऊन पोटभर खातो आणि हिवाळ्यात विषुववृत्ताजवळच्या कोमट पाण्यात येऊन पिलं देतो. पण उत्तरेचा हिवाळा म्हणजे दक्षिणेचा उन्हाळा. उत्तरेचे कोमट पाण्यात येतात तेव्हा दक्षिणेचे अंटार्क्टिकाला जेवायला गेलेले. मध्य अमेरिकेत कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर तर दोन्हीकडचे येतात, एकाच पाण्यात, पण बहुतांशी निराळ्या महिन्यांत. एकाच धर्मशाळेत उतरणारी दोन कुटुंबं, एक उन्हाळ्यात, एक दिवाळीत. भेट होणार कशी?

म्हणून देवमाशांत वेगळेपणाचे सगळे टप्पे दिसतात. फिन देवमासा अजून एक जात, उपजाती वेगळ्या. हंपबॅक एक जात, पण उत्तर पॅसिफिक, उत्तर अटलांटिक आणि दक्षिण गोलार्ध यांचे मार्ग वेगळे होऊ लागलेत. आणि ‘राइट’ देवमाशाच्या तर तीन स्वतंत्र जाती झाल्या, दोन उत्तरेत, एक दक्षिणेत. त्यांच्या चरबीला विषुववृत्ताचं गरम पाणी सोसत नाही.

यात आपल्या अरबी समुद्राची एक गोष्ट आहे, जी कोकण-गोव्याच्या माणसानं ऐकायलाच हवी. इथे हंपबॅकची एक छोटी वस्ती आहे, जी कुठेच जात नाही. उत्तरेला आशियाची जमीन, थंड समुद्राकडे वाट नाही. पण पावसाळी वाऱ्यांमुळे अरबी समुद्राच्या काही भागांत खालचं पोषक पाणी वर येतं आणि खायला मिळतं, म्हणून ते इथेच राहिले. जनुकांवरून ते दक्षिण हिंदी महासागरातल्या हंपबॅकचे वंशज, सुमारे सत्तर हजार वर्षांपासून तुटलेले. त्यांचं पंचांगही आता उत्तरेचं झालंय. गोव्याजवळ ग्रांदे बेटापाशी त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालंय. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत शिकारी जहाजांनी यांतले २४२ मारले. आज ओमानच्या किनाऱ्यावरच्या गणनेत ते शंभराच्याही आत भरतात.

आता ‘एकच जात’ या शब्दाचा धोका कळतो. कुणी म्हणेल, हंपबॅक जगात हजारोंनी आहेत, अरबी समुद्रातले गेले तर काय? दक्षिणेचे येऊन जागा भरतील. नाही भरणार. सत्तर हजार वर्षांत ते आलेले नाहीत. जातीच्या यादीत नाव एक असलं तरी तुटलेल्या वस्तीला बाहेरून कुमक मिळत नाही. जाळ्यात अडकून वा जहाजाची धडक बसून गेलेली प्रत्येक मादी म्हणजे त्या लहान घराण्यातून कायमची वजा.

डोंगरमाथ्यांवरही हेच. पृथ्वी तापते तशी थंडीवाली झाडं, पक्षी वर सरकतात. आनैमुडी हे दक्षिणेतलं सर्वांत उंच शिखर, २,६९५ मीटर. त्याच्या वर पायरी नाही. शिवाय इंग्रजांच्या काळापासून शोलांतल्या गवताळ माळांवर वॅटल आणि निलगिरीची लागवड झाली, म्हणजे असलेल्या पायऱ्याही आखूड झाल्या.

आता आपणच वाहक

एक नवी वाट मात्र आपण उघडलीय. दोन्ही ध्रुवांवर राहणाऱ्या जातींत आता माणूसही आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथून अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही केंद्रं चालतात, आणि उत्तरेला स्वालबार्डमधलं २००८ साली उघडलेलं हिमाद्रीही. माणसाबरोबर बुटाच्या तळव्यातलं बी जातं, पिशवीच्या शिवणीतली धूळ जाते. ‘पोआ अनुआ’ हे युरोपातलं साधं गवत अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर असंच जाऊन रुजलंय. म्हणून अंटार्क्टिकाला उतरण्याआधी कपडे, बूट, खिसे साफ करून घेतात. पक्ष्यानं दहा लाख वर्षांत एकदा केलेलं काम आपण एका हंगामात करू शकतो, आणि तिथल्या जुन्या रहिवाशांना जुळवून घ्यायला वेळ उरत नाही.

जाता जाता एक. गेल्या भागानंतर नागपूरच्या एका ताईंनी विचारलं, "तुम्ही तंजावूरकर अजून मराठी कसे?" मी इथलाच. घरी दक्षिणी मराठी, शाळा तमिळमधे. व्यंकोजी राजांबरोबर १६७० च्या दशकात आलेल्या मराठीला आता साडेतीनशे वर्षं होत आली. ताई, उत्तर आजच्याच विषयात आहे. वाट चालू होती म्हणून. समर्थ संप्रदायाचे मठ इथे आले, कीर्तनकार आले, सरफोजी राजे काशीयात्रेहून ग्रंथ घेऊन आले. मराठी कीर्तनाला इथे तमिळ सोबत मिळाली आणि तंजावूर कृष्ण भागवतरांसारख्यांनी हरिकथा घडवली. १८५५ मध्ये राज्य गेलं, येणंजाणं रोडावलं, आणि फरक साचू लागले. आमच्या बोलण्यात तुम्हाला जे जुनं वाटतं आणि जे तमिळ वाटतं, ते दोन्ही त्या अंतराचे हिशेब आहेत.

फरक एवढाच, की देवमाशाला पंचांग बदलता येत नाही. माणसाला येतं. तुम्ही हा भाग जळगावात वाचताय, बेळगावात वाचताय, बडोद्यात वाचताय, इतकी वाट तर आज उघडी आहे. तुमच्या भागात अशी कुठली जात असेल, जी फक्त एकाच डोंगरावर उरलीय आणि तिचे जातभाई फार लांब आहेत, तर मला जरूर लिहा. पुढचा भाग अशाच एकट्या पडलेल्या झाडांवर करू.